मुक्या माराच्या रंगाचे मोजे

अहमदपूर
१८ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. कावेरीस,
तारामतीचे अ. उ. आ. वि. वि.

कशी आहेस? आधी तुझीच खुशाली विचारते, कारण तू स्वतःचं कधी लिहीत नाहीस. कंबर धरते का अजून? अर्जुनरावांचा गुडघा काय म्हणतो? कॉलेजच्या वर्कशॉपात उभं राहून राहून मालकाआधी तो गुडघाच पेन्शन मागत असेल. जावई वैजनाथराव लातूरहून दर रविवारी येतात, की कंपनीनं रविवार पण गिळला? आणि आता जिच्यात माझा जीव अडकलाय ती, आपली पुनम. सहावा सरला ना? मागच्या दोन्ही खेपेला सातव्यातच घात झाला, म्हणून ह्या एका महिन्याची मला धास्ती आहे. डॉक्टरीणबाईंनी पडून राहा म्हटलंय तर पडूनच राहू दे. मावशीची ताकीद आहे म्हणावं, पाण्याचा तांब्यासुद्धा आईनं हातात द्यायचा.

माझे कान आता गेल्यातच जमा. फोनवर तू बोलतेस आणि मला नुसता भुंगा ऐकू येतो. म्हणून पत्रच बरं. तुझे दाजी ठणठणीत आहेत. मला ऐकू येत नाही ह्याचा त्यांना आनंदच आहे, आता पाठीमागं काय वाट्टेल ते बोलतात.

पुनमचे पाय भर दुपारी पण बर्फासारखे गार असतात असं तू लिहिलं होतंस. म्हणून मोजे विणून सोबत पाठवलेत. तुला ठाऊकच आहे, मला विणायला कुणी शिकवलं नाही. भूकंपानंतर ट्रक भरभरून स्वेटर आले आपल्याकडे, आणि आपल्याकडं ते घालतंय कोण? लोकांनी बैलांच्या पाठीवर टाकले, मी उसवत बसले. उसवता उसवता कळत गेलं की टाका कसा बसतो. सायकलचे स्पोक घासून सुया केल्या. जग पुढून शिकतं, मी मागून शिकले. टाच वळवायला मात्र मला दोन वर्षं लागली बघ.

रंग बघून दचकू नको. हिरवट म्हणावं तर पिवळा आहे, पिवळा म्हणावं तर मधेच जांभळी झाक मारतो. तुझे दाजी म्हणाले की मुका मार बसून चार दिवस झाले की कातडी जशी दिसते तसे हे मोजे दिसतात, गरोदर बाईला असलं काय पाठवतेस. मी म्हटलं पायाला डोळे नसतात. लोकर घरातलीच, जुनी, अस्सल. उसवली तेव्हा धाग्याला नुसत्या लाटा होत्या. लडी करून कोमट पाण्यात भिजवली आणि खाली तांब्या बांधून तीन दिवस टांगली, तेव्हा कुठं सरळ आली.

बाळासाठी मी काही केलेलं नाही आणि करणारही नाही. येणाऱ्याच्या नावानं आधी टाका घालू नये आणि आल्यावर अंगावर पहिलं जुनेरच टाकावं, ही आपल्या आईची शिकवण. पण आईचे पाय गरम ठेवायला कुठल्या शास्त्राची ना नाही.

मोजे बसले का ते कळव. लोभ आहेच, त्याला वाढायला जागा ठेव.

तुझी,
तारा अक्का


विष्णुपुरी, नांदेड
२७ नोव्हेंबर २०२४

ती. अक्कास,
कावेरीचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आणि मोजे शुक्रवारी मिळाले. यांचा गुडघा तुझा विनोद ऐकून हसला, पण दुखायचा काही थांबला नाही. जावई दोन रविवार आले नाहीत, ह्या रविवारी येतो म्हणालेत. पुनमला सातवा लागला. मोजे तिला लई आवडले, पायातून काढतच नाही. म्हणते मावशीनं मापाशिवाय इतकं नेमकं कसं विणलं.

मी मात्र पिशवी उघडली आणि ओट्यापाशी खालीच बसले. अक्का, ही लोकर कुठली? खरं सांग. हा रंग मी जिंदगीत एकदाच बघितलाय.

आणखी एक लिहायचंय. फोनवर सांगायला पुनम जवळ असते, आणि तुला ऐकूही येत नाही. परवा दुपारी ती झोपून उठली आणि म्हणाली की पायाशी कुणीतरी येऊन बसतं. मांजराएवढं वजन. बसतं आणि मोज्यावरून तिच्या पायाचा अंगठा धरून ठेवतं. ती हे हसत सांगत होती. भ्या वाटत नाही म्हणाली, उलट चांगली झोप लागते. काल पुन्हा तेच. मग तिनं मला विचारलं की आई, तू लहान असताना तुझ्या पायाशी कोण झोपायचं. मी कुणी नाही म्हणाले आणि भाजी जळतेय असं सांगून उठले. चुलीवर भाजी नव्हती.

माझ्या पायाशी उलटं डोकं करून, माझा अंगठा मुठीत धरून कोण झोपायचं हे तुला ठाऊक आहे. तिचं नाव मी ह्या घरात कधी घेतलेलं नाही. पुनमला ती होती हेसुद्धा माहीत नाही. मग तिला हे सुचलं कसं?

अक्का, त्या दिवशी ट्रकपाशी तू छातीशी धरला होतास तो लहान स्वेटर, ही त्याचीच लोकर तर नव्हे? नाही म्हण. नाही असं एका ओळीत लिहिलंस तरी पुरे.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
कावेरी


अहमदपूर
४ डिसेंबर २०२४

चि. सौ. कावेरीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

पुनमची खुशाली आधी कळव, बाकी सगळं मागून. सातव्यातला एकेक दिवस मी इथं कॅलेंडरवर खोडते आहे.

तू एका ओळीत मागितलंस, पण मला नाही म्हणता येत नाही. हो, तोच स्वेटर. माझ्या अंजूचा. तिचा म्हणते खरं, पण तिनं तो कधी बघितलाच नाही.

आपण दोघींनी एकतीस वर्षं हे तोंडातून काढलेलं नाही. आज काढते. तेव्हा अंजू सहा वर्षांची, गणपतीसाठी आजोळी, तुमच्याकडं औश्याच्या बाजूला आलेली. विसर्जनाच्या दिवशी मी तुझ्या दाजींना तिला आणायला पाठवलं. ते संध्याकाळी एस.टी.नं एकटेच परतले. पोरीला ताप आहे, कावेरीनं ठेवून घेतलंय, दोन दिवसांनी आणू म्हणाले. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत धरणी हलली.

तिसऱ्या दिवशी कपड्यांचा ट्रक आला तेव्हा तू हात गळ्यात बांधून माझ्या शेजारी उभी होतीस. बाया लुगडी ओढत होत्या. मी तो स्वेटर ओढला. वरून पाऊस लागलेला. माझ्या डोक्यात एवढंच, की पोरीच्या अंगात ताप आहे, ढिगाऱ्याखाली कुडकुडत असेल, काढली की आधी हा घालायचा. रंगाकडं कुणाचं लक्ष होतं? चौथ्या दिवशी स्वेटरची गरज उरली नाही.

तेव्हापासून तो ट्रंकेत होता. हाताला येईल ते मी उसवलं, त्याला कधी हात लावला नाही. पण मी आता चौसष्टीची झाले. मी गेल्यावर कुणीतरी ट्रंक उघडून तो भांडेवालीला देईल आणि पातेलं घेईल. त्यापेक्षा त्याची ऊब आपल्याच लेकीच्या पायाला लागावी, एवढाच माझा विचार. उसवायला बसले तेव्हा वाटलं होतं जुना धागा तुटेल. धागा असा सरसर सुटून आला, जणू वाटच बघत होता.

पुनमच्या पायाशी कुणी बसत असेल तर बसू दे. माझ्या पोरीनं मुंगीला त्रास दिला नाही, ती मावसबहिणीला काय करेल? तू पुनमला तिचं नाव सांगून टाक. नाव न घेतलेली माणसं जास्त फिरतात असं मला वाटतं. अडाणी बाईचं वाटणं आहे, सोडून दे हवं तर.

जीव टांगणीला लावू नको, लवकर लिही.

तुझी,
अक्का


नांदेड
१३ डिसेंबर २०२४

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र दवाखान्याच्या बाकड्यावर बसून लिहिते आहे. पुनमला परवापासून इथं ठेवलंय. पोट जीवघेणं दुखायला लागलं होतं. बाळाचे ठोके नीट आहेत, कळा इंजेक्शनं देऊन थोपवल्यात. डॉक्टरीणबाई म्हणतात अजून महिना सव्वा महिना आत राहिलं तर बाळ हाती लागेल. आज सुटलं तर त्या काही बोलत नाहीत.

अक्का, हे माझ्यामुळं झालं.

तुझं पत्र वाचलं आणि मी झोपलेल्या पुनमच्या पायातले मोजे काढून घेतले. धुवायला हवेत म्हणून सांगितलं. आपल्याकडं बाळंतिणीचं, आजाऱ्याचं सगळं उकळूनच घेतात, तसं मोठ्या पातेल्यात पाणी खळखळ उकळलं, त्यात सोडा, खडे मीठ आणि कडुलिंबाचा पाला घातला, आणि मोजे त्यात घालून काठीनं तासभर हलवत राहिले. म्हटलं जे काही त्यात असेल ते निघून जाऊ दे. दुसऱ्या दिवशी दोरीवरचे काढायला गेले तर दोरीवर ते मोजे नव्हतेच. तिथं एका लहान पोरीचे मोजे होते. जाड, आवळलेले, एकेक माझ्या वितीत मावून वर दोन बोटं जागा उरली. तेवढा पाय कुणाचा होता हे मला सांगायला नको. कितीदा तरी ते पाय मी घासून धुतलेत. त्याच दुपारी पुनमला कळ आली. ती तिचं तिचं मागायला आली, अक्का, आणि मीच ते तिच्या मापाचं करून दिलं.

आता जे लिहिते ते वाचून तू माझं तोंड बघणार नाहीस, पण पुनमच्या जिवावर आलंय, आता लपवत नाही. अंजूला ताप नव्हता.

दाजी येताना दिसले तेव्हा ती मिरवणूक बघायचीच म्हणून माझ्या पदराला लोंबली. मी एकोणीस वर्षांची, मलाही ती हवी होती. मी तिला कणगीच्या मागं लपवलं आणि दाजींना सांगितलं की ती तापानं फणफणलीय, आत झोपलीय, उठवू नका. दाजी गेल्यावर तिला मिरवणुकीला नेलं. पण दाजी जाताना फाट्यावर आबांना भेटले आणि तापाचं बोलले. घरी आल्यावर आबांनी आणि आईनं मला धू धू धुतलं, की तापाच्या पोरीला वाऱ्यात फिरवतेस. उकाड्यामुळं मी अंगणात बाजेवर झोपायची आणि अंजू माझ्या पायाशी. गर्दीत फिरून तिचं अंग गरम लागत होतं, आईला तो तापच वाटला. त्या रात्री आईनं तिला आत, मातीच्या माळवदाखाली, त्या दोघांच्या मधे घेतलं. वारं लागू नये म्हणून दार लावलं. मी त्या वेळी एक शब्द बोलले असते, की ताप नाही, तर ती बाहेर असती. आणखी मार बसेल म्हणून बोलले नाही.

तिघं आत गेली. मी बाहेर राहिले. आणि तिसऱ्या दिवशी तू तो स्वेटर छातीशी धरून मला म्हणालीस की पोरीला ताप आहे. तेव्हाही मी बोलले नाही.

लोभ असू दे असं लिहायला हात उचलत नाही.

कावेरी


अहमदपूर
२१ डिसेंबर २०२४

चि. सौ. कावेरीस,
आप्पासाहेबाचे आशीर्वाद. वि. वि.

मला पत्र लिहायची सवय नाही, चुकलंमाकलं सांभाळून घे. तुझं पत्र तुझ्या अक्कानं वाचलं. वाचून एवढंच म्हणाली की अस्सल लोकर उकळत्या पाण्यात आटते, एवढंही कावेरीला कळू नये का. मग पत्र घडी करून डब्यात ठेवलं. त्याला आज पाच दिवस झाले, ती एक शब्द बोललेली नाही. स्वयंपाक करते, माझं ताट वाढते, पण ताटाकडं बघून वाढते, माझ्याकडं बघत नाही.

त्याचं कारण तू नाहीस, मी आहे. तुझं पत्र वाचलं त्या दिवशीच मी तिला कागदावर लिहून दिलं. ते तुलाही सांगतो. मला त्या दिवशी माहीत होतं. तू तापाचं सांगत होतीस तेव्हा कणगीमागं पैंजण वाजलं, आणि तोंडावर हात दाबून हसल्याचा आवाज आला. मला वाटलं, लेकरू आहे, राहू दे एक दिवस, उद्या परवा नेऊ. घरी येऊन मी पण ताप आहे असंच सांगितलं, नाहीतर हिनं मला उलट्या पावली पाठवलं असतं. एवढंच नाही, फाट्यावर आबांना उगाच सांगणारा मीच.

तेव्हा तू एकटीनं ओझं वाहिलंस असं समजू नकोस. मला मात्र ते वाटून घ्यायची छाती झाली नाही.

हिनं आज पिशवी भरायला घेतलीय. कुठं जाणार ते सांगत नाही, पण पुनमसाठी डिंकाचे लाडू बांधलेत, त्यावरून तुझ्याकडंच येईल. ती काही बोलली नाही तर तू पण विचारू नकोस. चिरंजीव पुनमला जप.

दाजी


अहमदपूर
१२ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. कावेरीस,
आशीर्वाद. वि. वि.

मी पोचले. गाडीत जागा मिळाली. आता बाळंतिणीची हालहवाल सांग. पुनमला दूध पुरतं का? पोरीचं वजन किती वाढलं? दोन किलोला शंभर कमी असं जन्मलेलं लेकरू, पण रडणं चांगलं पाच किलोचं आहे, माझ्या कानांना सुद्धा ऐकू आलं. अर्जुनरावांना म्हणावं नातीला घेऊन उभं राहू नका, गुडघा दोघांना पाडेल. वैजनाथराव लेकीकडं बघताना हातातला चहा गार करून टाकायचे, ते मला लई आवडलं. कंबर जप. बाळंतपणाचं पाणी तू एकटीनं उचलू नकोस.

महिन्यावर मी तुझ्याजवळ राहिले, तुझ्या हातचं खाल्लं, दवाखान्यात आणि घरी पुनमच्या उशापायथ्याशी बसले, पण त्या विषयावर तुझ्याशी बोलले नाही. दोनदा तू बोलायला आलीस आणि मी ऐकू येत नाही असं दाखवलं. दोन्ही वेळा ऐकू आलं होतं.

मला राग आहे, कावेरी. आता गेला असं लिहिलं तर तेही खोटंच होईल, आणि ह्या घरात खोटं पुष्कळ झालं. सगळ्यांना माहीत होतं, एका आईला सोडून. तुझ्या दाजींवर तर इतका राग आहे की त्यांच्या चहात मी अजून साखर घालत नाही. ते मुकाट्यानं पितात. ते असं पितात म्हणून आणखी राग येतो.

लोकर आटते, हे खरं. उकळत्या पाण्यात तासभर घातली तर आटणारच, त्यात भुताखेताचं काही नाही. पण किती आटायचं आणि कुठं थांबायचं हे कोण ठरवतं, ते मला विचारू नको. मी इतक्या वर्षांत पुष्कळ लोकर आटवली, इतकी मापात आटलेली बघितली नाही. निघायच्या दिवशी पुनम माझ्या कानाशी येऊन म्हणाली की आता पायाशी कुणी बसत नाही, आणि पलंग उगाच मोठा वाटतो. मी तिला सगळं सांगितलं. तू सांगितलं नाहीस म्हणून मी सांगितलं. तेव्हा ती लेकीचं नाव अंजू ठेवायचं म्हणाली. मी नको म्हटलं. नवीन माणसाला नवीन नाव लागतं. ते एक नाव एकटीचंच राहू दे.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. एकतीस वर्षं माझ्या डोळ्यांपुढं तिचा शेवटचा दिवस म्हणजे तापानं लाल झालेलं तोंड, अंगावर वाकळ, आणि मी जवळ नाही. कितीदा तरी मी मनातल्या मनात तिच्या कपाळावर पट्ट्या ठेवल्यात. आणि आता तू सांगतेस तिला ताप नव्हताच. ती कणगीमागं हसत होती. ती मिरवणुकीला गेली. म्हणजे माझ्या लेकीचा एक अख्खा दिवस तुझ्याजवळ आहे आणि मला तो माहीतच नाही.

तो दिवस मला लिहून पाठव. काही वगळू नकोस, माझी दया करू नकोस. तिच्या अंगात कुठला झगा होता? कणगीमागून बाहेर आल्यावर पहिलं काय बोलली? मिरवणुकीत चालत होती की कुणाच्या खांद्यावर? लेझमाच्या पुढं नाचली का? भूक लागली म्हणाली का, काय खाल्लं, कुणाच्या हातचं? माझी आठवण काढली का? नसेल काढली तर तसंही लिही, मला त्याचं सुखच वाटेल.

आणि एक. चौथ्या दिवशी तिला बाहेर काढली तेव्हा मी तिच्या केसांत लाल बघितलं. पावसानं भिजलेलं, भांगात उतरलेलं. ते रक्त समजूनच मी आजवर डोळे मिटत आले. मिरवणुकीत तिच्या डोक्यावर गुलाल पडला होता का, एवढं पत्राच्या पहिल्या ओळीत लिही. बाकीचं सावकाश वाचीन.

राग आहे तसा लोभही आहे, दोन्ही एकाच ट्रंकेत ठेवलेत. उत्तर लगेच पाठव. पोस्टमन गल्लीत अकराला येतो, मी दारातच बसलेली असते.

तुझी,
तारा अक्का